रांगत्या बाळाचे घर

घरात तान्हे मूल येणार असे कळले की बहुतेक आई-वडिलांच्या मनात खरेदीची यादी तयार होऊ लागते आणि तिच्या जोडीने एक प्रश्नही येतो : बाळाच्या प्रकृतीला मानवेल आणि निसर्गावरही भार पडणार नाही, असे काय काय आणावे? दुकानांत या प्रश्नाची उत्तरे ‘ऑरगॅनिक’, ‘हर्बल’, ‘इको-फ्रेंडली’ अशा चिठ्ठ्या लावून मांडलेली असतात आणि ती सहसा महाग असतात. या प्रकरणात तोच प्रश्न दुसऱ्या टोकाकडून घेतला आहे. घरात काय आणावे याआधी घरातून काय कमी करावे हे ठरवले, तर बरेचसे काम पैसे न खर्च करता होते, कारण लहान मुलाचे आरोग्य आणि पर्यावरण या दोहोंचे मागणे बहुतेक वेळा एकच असते : कमी जाळावे, कमी फेकावे आणि कमी विकत घ्यावे. काही ठिकाणी मात्र या दोहोंच्या वाटा वेगळ्या होतात आणि तेथे निवड करावी लागते. ती ठिकाणे कोणती, तेही पुढे पाहू.

१. बाळ म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे

एखादा घातक पदार्थ शरीराला किती बाधेल हे ठरवताना तो एकूण किती पोटात किंवा छातीत गेला एवढेच पाहून चालत नाही. शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे तो किती गेला, हे पाहावे लागते. या हिशेबाला मात्रा म्हणतात. चिमूटभर मीठ घागरभर पाण्यात विरघळले तर चवीला कळतही नाही, तेवढेच मीठ वाटीभर पाण्यात पडले तर घोट घेववत नाही. बाळाचे शरीर त्या वाटीसारखे आहे.

हा फरक एका साध्या उदाहरणाने मोजता येतो. चार-पाच महिन्यांचे, ६ किलो वजनाचे बाळ दिवसाला दर किलोमागे सुमारे १५० मिलिलिटर, म्हणजे एकूण ९०० मिलिलिटर दूध पिते. त्याच हिशेबाने ६० किलो वजनाच्या माणसाने प्यायचे ठरवले, तर त्याला रोज ९ लिटर प्यावे लागेल. त्यामुळे वरच्या दुधात किंवा ते कालवण्याच्या पाण्यात एखादा अपायकारक पदार्थ असेल, तर त्याची मात्रा बाळाच्या बाबतीत मोठ्या माणसाच्या कितीतरी पट होते. श्वासाचेही तसेच आहे. विसावलेला मोठा माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो, तर नवजात बाळ ४० ते ६० वेळा घेते आणि वजनाच्या मानाने त्याच्या छातीत मोठ्यांच्या दुपटीहून अधिक हवा जाते.

याला दोन गोष्टींची भर पडते. पहिली म्हणजे वावर. रांगणारे मूल जमिनीपासून वीतभर उंचीवर श्वास घेते, फरशीवर हात टेकवते आणि तोच हात दिवसातून असंख्य वेळा तोंडात घालते. त्यामुळे मोठ्यांच्या लेखी जी केवळ जमीन असते, ती त्याच्या बाबतीत ताटही असते. दुसरी गोष्ट म्हणजे वाढ. जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मेंदू झपाट्याने घडत असतो, तर विषारी द्रव्ये निकामी करणारे यकृत आणि ती बाहेर टाकणारी मूत्रपिंडे अजून पुरती तयार झालेली नसतात. म्हणून घर तपासायचे असेल तर मोठ्यांनी आधी फरशीवर बसून सगळीकडे नजर फिरवावी आणि मगच यादी करावी.

२. घरात जे जे जळते

बाहेरच्या प्रदूषणाची चर्चा सतत होते, पण तान्हे मूल दिवसाचे बहुतेक तास घरातच असते आणि घरातली हवा बिघडवणारी कामे बहुधा घरातच चालू असतात. धुरातले सर्वांत त्रासदायक कण म्हणजे ‘पीएम २.५’, अर्थात ज्यांचा व्यास २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी आहे असे कण. १ मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हे कण इतके बारीक असतात की नाकातल्या केसांत किंवा घशातल्या चिकट पदार्थात ते अडकत नाहीत, तर थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचतात. भारतीय मानकानुसार २४ तासांच्या सरासरीने हवेच्या एका घनमीटरमध्ये हे कण ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हीच मर्यादा १५ मायक्रोग्रॅमवर आणली.

ही मर्यादा किती लहान आहे, ते एका खोलीवरून पाहता येईल. १० फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा मावते. ६० मायक्रोग्रॅमच्या हिशेबाने या संपूर्ण खोलीची मर्यादा २८ गुणिले ६०, म्हणजे १,६८० मायक्रोग्रॅम झाली. हे वजन २ मिलिग्रॅमही भरत नाही. धुपाच्या प्रयोगशाळेतील मोजणीत एक ग्रॅम धूप जळताना ४५ मिलिग्रॅमहून अधिक कण बाहेर पडल्याची नोंद आहे आणि धुरातले कण बहुतांशी बारीकच असतात. दारे-खिडक्या बंद ठेवून हवा मुळीच हलली नाही असे धरले, तर एक ग्रॅमभर धूप या खोलीला मर्यादेच्या पंचवीसपट पलीकडे नेतो. प्रत्यक्षात फटींतून हवा खेळते आणि प्रमाण उतरते, तरी बाळाच्या खोलीत उदबत्ती लावून दार ओढून घेणे योग्य नाही, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते. देवघर बाळाच्या खोलीपासून वेगळे असेल, तेथे समई किंवा निरांजन लावले जात असेल आणि उदबत्ती खिडकीशी किंवा तुळशीपाशी लावली जात असेल, तर पूजाही होते आणि हवाही सांभाळली जाते.

डासांची कॉइल हा याहून गंभीर प्रकार आहे. चीन व मलेशियात बनलेल्या कॉइलवर झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की एक कॉइल पूर्ण जळताना जेवढे बारीक कण सोडते, तेवढे ७५ ते १३७ सिगारेटींतून बाहेर पडतात. डेंग्यू आणि मलेरियाच्या भागात डासांकडे काणाडोळा करता येत नाही हे खरे, पण त्यांच्याविरुद्ध धुराहून चांगली साधने उपलब्ध आहेत. डेंग्यू पसरवणारा एडिस डास मुख्यतः दिवसा चावतो, म्हणून पाळण्यावर मच्छरदाणी दुपारच्या झोपेतही हवी. या डासाला अंड्यापासून उडता डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा पिंप, कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलर आणि फ्रिजमागचा ट्रे रिकामा करून, घासून कोरडा केला की ही साखळी मध्येच तुटते. आरोग्य खात्याचा ‘कोरडा दिवस’ याच गणितावर आधारलेला आहे.

महाराष्ट्रात बाळ-बाळंतिणीच्या संगोपनात शेक-शेगडीला मोठे स्थान आहे. न्हाऊ-माखू घालून झाले की शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशोपा, वावडिंग, धूप टाकून बाळाला धुरी देतात आणि वारा लागू नये म्हणून खोलीची दारे-खिडक्या लावून घेतात. यातली ऊब आणि विश्रांती निश्चितच उपकारक आहे, परंतु बंद खोलीतल्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. त्यामुळे माणसाला गुंगी येते आणि धोका कळण्याआधीच शुद्ध हरपते. ऊब हवी असेल तर गरम पाण्याची पिशवी कपड्यात गुंडाळून अंथरूण आधी गरम करून घ्यावे, टोपडे व झबले घालावे आणि बाळाला आईच्या अंगाशी धरावे. हाच वायू न्हाणीघरातल्या गॅस गिझरमुळेही साचतो, म्हणून गिझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या जागी बसवलेला असावा. ते शक्य नसेल, तर बादली भरून गिझर बंद करावा, हवा खेळू द्यावी आणि मगच बाळाला आत न्यावे.

३. जमीन, धूळ आणि शिसे

शिसे हा जड धातू आहे. शरीराला त्याचा काडीचाही उपयोग नाही, पण आत शिरल्यावर शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवते आणि मेंदूतही शिरू देते. त्यामुळे मुलाची बुद्धी, एकाग्रता आणि वागणूक यांवर परिणाम होतो, तोही सहसा कोणतेही लक्षण न दिसता. शिशाची अमुक एक पातळी सुरक्षित आहे असे सांगता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. गिळलेल्या शिशापैकी जेवढा भाग मोठ्यांच्या शरीरात शोषला जातो, त्याच्या चार ते पाचपट लहान मुलांच्या शरीरात शोषला जातो. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० सालच्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी, म्हणजे दर तिघांपैकी एका मुलाच्या रक्तात शिशाचे प्रमाण दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आहे आणि त्यांत भारतातील मुलांची संख्या फार मोठी आहे.

हे शिसे घरात येते कोठून? पहिली वाट जुन्या तैलरंगाची. घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा अधिक नसावे, असा नियम भारतात २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांतील भाग. ९० पीपीएम म्हणजे किलोभर रंगात ९० मिलिग्रॅम. त्याआधी रंगवलेल्या खिडक्यांच्या चौकटी, गज, दारे, पाळणे आणि लाकडी घोडे यांवरच्या रंगात यापेक्षा कितीतरी अधिक शिसे असू शकते. एखाद्या जुन्या रंगात ते १ टक्का आहे असे धरले, तर मोहरीच्या दाण्याहूनही हलक्या, १ मिलिग्रॅम वजनाच्या पोपड्यात १० मायक्रोग्रॅम शिसे असेल. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मुलांच्या आहारातून येणाऱ्या शिशासाठी दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम हा संदर्भस्तर ठरवला आहे. तो एक पोपडा त्याच्या चौपटीहून अधिक भरतो. म्हणूनच असा रंग बाळ घरात असताना कोरडा घासून काढणे सर्वांत वाईट, कारण त्याची धूळ घरभर बसते. पोपडे निघत नसतील तर त्यावर नव्या, शिसेमुक्त रंगाचा हात द्यावा. निघत असतील तर बाळ-बाळंतीण दुसरीकडे असताना पाणी मारून ओलसर ठेवूनच खरवडावेत.

दुसरी वाट सौंदर्याच्या आणि श्रद्धेच्या वस्तूंची. शेंदूर हे शिशाचेच एक ऑक्साइड आहे, तर सुरम्यात पूर्वापार वापरले जाणारे काळे खनिज हे शिशाचे सल्फाइड असते. शेंदूर लावलेल्या मूर्तीला बाळाचे हात लागले तर ते लगेच धुवावेत आणि बाळाच्या डोळ्यांत काजळ किंवा सुरमा घालू नये. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल, तर ती घरच्या दिव्याच्या काजळीची असावी आणि कानामागे लावावी. तळपायाला लावलेली तीट पायाचा अंगठा चोखणाऱ्या बाळाच्या तोंडात जाते.

तिसरी वाट स्वयंपाकघरातली. हळदीला पिवळाजर्द रंग यावा म्हणून शिशाचे क्रोमेट मिसळण्याचा प्रकार बांगलादेशात संशोधकांनी २०१९ साली उघड केला. तेथील सरकारने दंड, तपासण्या आणि जनजागृती अशी तिहेरी मोहीम घेतल्यावर बाजारातील भेसळयुक्त नमुन्यांचे प्रमाण ४७ टक्क्यांवरून २०२१ पर्यंत शून्यावर आले. रंग हळकुंडांच्या सालीवरही चोळला जात असल्याने सुटी भुकटी टाळणे पुरेसे नाही. नको इतकी चकचकीत, हाताला रंग सोडणारी हळकुंडेही नाकारावीत.

उपाय मात्र साधे आणि जुनेच आहेत. चपला उंबऱ्याबाहेर काढण्याची रीत रस्त्यावरची धूळ रांगत्या मुलापासून दूर ठेवते. केरसुणीने कोरडा केर काढताना बारीक धूळ उडून पुन्हा खाली बसते, म्हणून केर काढून झाल्यावर ओल्या फडक्याने पुसणे आवश्यक आहे. विशेषतः खिडकीखालची जागा आणि पलंगाखालचा भाग, कारण बाळ नेमके तेथेच रमते. आहाराचाही यात वाटा आहे. शरीरात लोह व कॅल्शियम कमी असेल तर आतडे शिसे अधिक शोषते, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७ टक्के भारतीय मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. नाचणीची पेज, लोखंडी कढईत परतलेली पालेभाजी, त्यावर लिंबाची धार आणि मऊ वरणभात हा आहार म्हणजे शिशाविरुद्धचे संरक्षणही आहे.

४. दूध, पाणी आणि बाटली

ज्याला वेष्टन लागत नाही, वाहतूक लागत नाही, तापवावे लागत नाही आणि ज्याचा कचरा होत नाही, असे अन्न म्हणजे आईचे दूध. पहिले सहा महिने बाळाला केवळ तेच द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना आणि भारतातील बालरोगतज्ज्ञ सांगतात. या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते, त्यामुळे विदर्भातल्या मे महिन्यातही सहा महिन्यांच्या आतील बाळाला वरचे पाणी लागत नाही. सहाणेवर उगाळलेली गुटीही या काळात नको, कारण सहाण, पाणी आणि हात यांपैकी एक जरी अस्वच्छ असले तरी जुलाब सुरू होतात. मध तर वर्षाच्या आत चाटवूच नये. त्यात बोट्युलिझम या आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या बाळाचे आतडे त्यांना रोखू शकत नाही. पावडरच्या दुधाची जाहिरात भारतात १९९२ च्या कायद्याने बंद केली आहे, ती आई-वडिलांवर विक्रीचे दडपण येऊ नये म्हणूनच.

काही आयांना वरचे दूध द्यावे लागते आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. अशा वेळी प्रश्न भांड्याचा असतो. डब्लिन येथील ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले की पॉलिप्रॉपिलीनच्या बाटलीत ७० अंश सेल्सियस तापमानाचे पाणी घालून दूध तयार केले, तर एका लिटरमागे १.६ कोटींपर्यंत सूक्ष्म प्लॅस्टिक कण सुटतात. पाणी जितके गरम, तितके कण अधिक. यावरून व्यवहारात तीन गोष्टी निघतात. पाणी स्टीलच्या पातेल्यात उकळावे, पावडर स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यातच गरम पाण्यात कालवावी आणि दूध कोमट झाल्यावर मग ते पाजण्याच्या भांड्यात ओतावे. शक्य असेल तेथे बाटली टाळून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावे. बोंडल्याला फिरकी नाही, बूच नाही, ज्यात जंतू लपतील असे कोपरे नाहीत. ते घासून पाण्यात उकळले की काम झाले, आणि पुढच्या पिढीपर्यंत टिकते.

५. लंगोट की डायपर?

या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी आवेशाने बोलले जाते, म्हणून आधी हिशेब पाहावा. दिवसाला ६ डायपर धरले, तर दोन वर्षांत ६ गुणिले ७३०, म्हणजे ४,३८० डायपर कचऱ्यात जातात. दिवसभर लंगोट आणि रात्री एकच डायपर असा मध्यममार्ग घेतला, तर हीच संख्या ७३० वर येते. डायपरच्या आत ओल शोषणारी पॉलिमरची भुकटी आणि बाहेर प्लॅस्टिकचा पडदा असतो. यांतले काहीही कुजत नाही.

मात्र कापड आपोआप हिरवे ठरत नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ साली अडीच वर्षांच्या वापराचा हिशेब मांडला, तेव्हा फेकण्याच्या डायपरमुळे सुमारे ५५० किलो आणि धुण्याच्या डायपरमुळे सरासरी ५७० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार पडतो असे दिसले; कारण धुण्याचे पाणी तापवायला आणि यंत्रात कपडे वाळवायला वीज लागते. तेच कपडे मशीन पूर्ण भरून धुतले, दोरीवर वाळवले आणि दुसऱ्या मुलालाही वापरले, तर भार सुमारे ४० टक्क्यांनी उतरतो. महाराष्ट्रात वर्षाचे आठ महिने दोरी आणि ऊन फुकट असते, त्यामुळे येथे लंगोटाचे पारडे स्पष्टच जड आहे.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, गोष्ट वेगळी होते. जाड शिवलेले लंगोट दोन-दोन दिवस दमट राहतात आणि दमट कापडाने त्वचेवर लाल पुरळ उठते. तेथे जुन्या सुती लुगड्याचे एकपदरी लंगोट आणि दुपटी उपयोगी पडतात. वर्षानुवर्षे धुऊन ते कापड मऊ झालेले असते, चटकन वाळते आणि शेवटी इस्त्री फिरवली की उरलेली ओलही जाते. सुवासिक मऊपणाची द्रव्ये मात्र धुण्यात घालू नयेत, कारण त्यांनी कापडाची शोषणक्षमता कमी होते. रात्रभर झोप हवी असलेल्या थकल्या आईने एक डायपर वापरला, तर त्यात अपराध नाही. तो वापरल्यावर शी शौचकुपात टाकून, डायपर गुंडाळून, कागदात बांधून वेगळा द्यावा. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने अशा पुडक्यांवर लाल ठिपका काढण्याची मोहीम चालवली, कारण ठिपका पाहिला की कचरा वेगळा करणाऱ्या बाईला ते पुडके उघडावे लागत नाही. डायपर जाळू तर मुळीच नये. प्लॅस्टिकचा विषारी धूर पुन्हा त्याच बाळाच्या छातीत जातो.

६. स्वच्छता किती आणि कशाने?

लहान मुलांचे जुलाब आणि सर्दी-खोकला रोखण्यात साबणाने हात धुण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. शी धुतल्यावर, स्वयंपाकाआधी आणि बाळाला भरवण्याआधी, या तीन वेळा ठरलेल्या असाव्यात. ‘जंतुनाशक’ साबणाची त्यासाठी गरज नसते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ साली ट्रायक्लोसानसह १९ जंतुनाशक द्रव्ये घरगुती साबणांतून बाद केली, कारण ती साध्या साबण-पाण्यापेक्षा अधिक परिणामकारक असल्याचा पुरावा उत्पादकांना देता आला नव्हता. फरशीचेही तसेच आहे : रोज पाणी आणि आठवड्यातून एक-दोनदा थोडा साबण पुरतो. ब्लीच आणि न्हाणीघराचे ॲसिड कधीही एकत्र करू नये, कारण त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

एक धोका बहुतेक घरांच्या कपाटात असतो. गोधड्या आणि लोकरी कपडे कसरीपासून वाचवण्यासाठी ठेवलेल्या डांबराच्या गोळ्या नॅफ्थॅलीनच्या असतात. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाला नुसत्या त्या वासातल्या वाफेनेही तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते, आणि ही कमतरता बाळाला पाहून ओळखता येत नाही. म्हणून बाळासाठी काढलेली गोधडी आधी धुवावी, दोन दिवस कडक उन्हात घालावी आणि नंतरच वापरावी. साठवणीसाठी वाळवलेला कडुलिंबाचा पाला ठेवावा. रॉकेल, फिनेल आणि ॲसिड सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय तर जीवघेणी ठरते. मुलाने असे काही प्यायले, तर उलटी करवू नये. बाटलीसह तत्काळ दवाखाना गाठावा.

७. जेथे दोन वाटा फुटतात

आतापर्यंतच्या बहुतेक गोष्टींत बाळ आणि निसर्ग यांचे हित एकच होते. दोन बाबतींत मात्र सावध राहावे लागते.

पहिली बाब जुन्या वस्तूंची. जुने वापरणे पर्यावरणाला हितकारक आहे, आणि झबली, दुपटी, टोपडी, स्टीलची भांडी, गोष्टींची पुस्तके एका घरातून दुसऱ्या घरात जाण्यात फायदाच आहे. परंतु जुना रंगवलेला पाळणा रंगाची खात्री नसेल तर चाटण्याच्या उंचीवर नको. भारतात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे झाले. त्याआधीचे, रंग उडालेले प्लॅस्टिकचे खेळणे वारसा म्हणून देण्याजोगे नाही. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या खेळण्यांना या सक्तीतून सवलत आहे, म्हणून लाकडी खेळणे घेताना चिन्ह शोधण्यापेक्षा रंग कोणता वापरला हे विचारावे. न रंगवलेले किंवा लाखेचे खेळणे उत्तम. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात डाळी भराव्यात, पण गरम भात ठेवू नये. वर्तमानपत्रात डायपर बांधावा, पण बाळाचा खाऊ ठेवू नये. छपाईच्या शाईमुळे अन्न वर्तमानपत्रात गुंडाळू नये असे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने वारंवार सांगितले आहे. थोडक्यात, जे झिजते, सोलवटते किंवा गरम अन्नाला लागते, ते जुने नको; बाकी जुने चालेल.

दुसरी बाब ‘नैसर्गिक’ असण्याची. धूप, शेंदूर, मध आणि सुरम्याचे खनिज ही सगळी निसर्गाचीच किंवा परंपरेची देणगी आहे आणि तरीही बाळाला घातक आहे; उलट मच्छरदाणीचे कृत्रिम धाग्याचे जाळे त्याला तारते. म्हणून वस्तू कोठून आली यापेक्षा ती जळते का, झिजते का, आणि बाळाच्या तोंडात जाते का, हे तीन प्रश्न विचारणे अधिक उपयोगाचे.

८. सुरुवात कोठून करावी, आणि घर कोठे संपते

सगळे एका दिवसात होत नाही, म्हणून क्रम लावून घ्यावा. पहिल्या आठवड्यात बंद खोलीत काहीही जाळणे थांबवावे आणि विषारी बाटल्या कुलपात जाव्यात, कारण या दोन चुकांची किंमत सर्वांत मोठी असते आणि सुधारायला खर्च शून्य. त्यानंतर ओला फडका, उंबऱ्याबाहेर चपला, साबणाने हात आणि आठवड्याचा कोरडा दिवस या सवयी रुजवाव्यात. मग रंगाची पाहणी आणि दूध कालवण्याची भांडी. लंगोटाचा प्रश्न घरातले मनुष्यबळ पाहून सोडवावा. बाळंतिणीच्या थकव्यावर उभारलेली पर्यावरणनिष्ठा फार दिवस टिकत नाही, आणि लंगोट धुण्याचे काम वडिलांनाही करता येते.

एवढे करूनही काही गोष्टी एका घराच्या हातात राहत नाहीत. भारतात २००० साली पेट्रोलमधून शिसे काढून टाकले गेले आणि त्या एका निर्णयाचा लाभ ज्यांच्या घरी ओला फडकाही फिरत नव्हता अशा मुलांनाही मिळाला; बांगलादेशातील हळदही ग्राहकांनी पारखून घेतल्याने नव्हे, तर बाजारात तपासणी झाल्याने शुद्ध झाली. म्हणून पालकांच्या यादीतली शेवटची कामे घराबाहेरची आहेत : सोसायटीच्या आवारात पालापाचोळा आणि प्लॅस्टिक जाळले जात असेल तर ते बंद करवणे, अंगणवाडी किंवा बालवाडी रंगवताना डब्यावरची शिसेमुक्त असल्याची नोंद तपासायला लावणे, शेजारच्या बांधकामावर पाणी मारून धूळ बसवली जाते की नाही याची महानगरपालिकेकडे तक्रार करणे आणि डायपर वेगळा देण्याची पद्धत सगळ्या मजल्यांवर सुरू करणे. रांगणारे मूल वर्षभरात चालू लागते आणि त्याचे जग दाराबाहेर पसरते. तेव्हा स्वतःचे घर सांभाळणाऱ्या आई-वडिलांना पुढे अंगण, शाळा आणि रस्ताही आपल्याच कामात धरावा लागतो.